वाईची सोंगं

मामांना वाईचा गणपती बघायचा होता, मामींना महाबळेश्वरची हवा खायची होती आणि मला कासची फुलं पाहायची होती. तिन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात मिळतात, त्यामुळे घरात भांडण न होता बेत ठरला. गणपती विसर्जन उरकलं, पावसाचा जोर जरा ओसरला आणि एका शुक्रवारी सकाळी आम्ही पुण्यातून निघालो. गाडी मी चालवत होते. मामा शेजारी बसून ब्रेक दाबत होते. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही ही गोष्ट त्यांनी साताऱ्यापर्यंत मान्य केली नाही.

शुक्रवार : वाई, मेणवली

खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं, की थोड्या वेळात वाई. ऊस, हळदीची शेतं आणि मागे डोंगरांची रांग. गाडी नदीपासून लांबच लावा, गणपती आळीत नेली तर काढताना दहा माणसं दहा दिशांना हात करतात आणि प्रत्येकजण बरोबर असतो.

ढोल्या गणपती पाहिल्यावर नावाबद्दल शंका राहत नाही. गाभारा भरून मूर्ती आहे. १७६२ साली सरदार रास्त्यांनी हे देऊळ बांधलं आणि नदी अगदी पायाशी असल्यामुळे मागची भिंत माशाच्या आकाराची केली. कृष्णेचा पूर आला तर पाणी त्या टोकावर आपटून दोन्ही बाजूंना फाटावं, ही त्यामागची योजना. मामी दर्शन घेऊन थेट मागे गेल्या आणि ती भिंत हाताने चाचपत उभ्या राहिल्या. मामा म्हणाले, "बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. पूर आला म्हणून उठून बाजूला होणाऱ्यातला हा देव नाही."

घाटावर बसलो असताना मला सारखं वाटत होतं की हे सगळं आपण आधी पाहिलंय. दगडी पायऱ्या, दीपमाळ, पाण्यात उतरलेली म्हैस. पाहिलेलंच होतं, फक्त त्या वेळी त्याचं नाव वाई नव्हतं. 'गंगाजल' (२००३) मध्ये हे बिहारमधलं तेजपूर होतं. 'स्वदेस' (२००४) मध्ये मेणवली हे उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं. 'दबंग' (२०१०) मध्ये पुन्हा उत्तर प्रदेश, या वेळी लालगंज. आणि 'चेन्नई एक्सप्रेस' (२०१३) च्या वेळी या परिसराने चक्क तमिळनाडूची भूमिका केली. मुंबईहून चार-पाच तासांत युनिट पोचतं, नदी, घाट, वाडे, डोंगर सगळं जवळजवळ मिळतं, त्यामुळे निर्मात्यांना ते परवडतं. पण विचार केला तर हसू येतं. ज्या गावात मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, जिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी राहिले, त्या गावाला हिंदी सिनेमाने कधी भोजपुरी बोलायला लावलं, कधी लुंगी नेसायला लावली.

दुपारी जेवायला एका छोट्या खानावळीत शिरलो. चार टेबलं, स्टीलचे तांबे, भिंतीवर साईबाबा आणि त्याच्या शेजारी फ्रेम केलेला एक मोठा फोटो. फोटोत शूटिंगची गर्दी, छत्र्या, लाइट, मध्यभागी पाठमोरा कोणीतरी हिरो. मामा चष्मा पुसून फोटोजवळ गेले आणि त्यांनी विचारलं, "ह्यात तुम्ही कुठे ताई?"

खानावळीच्या ताई पिठल्याची वाटी ठेवून, पदराला हात पुसत आल्या. फोटोच्या उजव्या कडेला, जिथे फ्रेमची पट्टी सुरू होते तिथे बोट ठेवून म्हणाल्या, "हा कोपर माझा."

खरंच एक कोपर होता. हिरव्या बांगड्या, बाकी सगळं फ्रेमच्या बाहेर.

"फोटोवाल्याला सांगितलं होतं, जरा इकडे सरक. पण त्याचा जीव हिरोत. मग काय, बांगड्यांवरून ओळखते माझी मी." त्यांनी हे इतक्या अभिमानाने सांगितलं की मामींनी पुढे होऊन कोपराचा नीट फोटो काढून घेतला. पिठलं, ज्वारीची भाकरी, मिरचीचा खर्डा आणि वर साजूक तूप घातलेला इंद्रायणी भात. खर्डा खाऊन मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा ताई शांतपणे म्हणाल्या, "शूटिंगवाल्यांना आम्ही ह्याच्या निम्म्या तिखटाचा द्यायचो. तरी ते बाटल्या बाटल्या पाणी प्यायचे."

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागे कृष्णेचा घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. (वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा उघडा आहे का हे गावात विचारूनच पुढे जा. घाट मात्र कधीही बघता येतो. पायऱ्यांवर शेवाळ असतं, पावसाळ्यात रबरी तळव्याचेच बूट घाला.) घाटावर एका छोट्या दगडी मंडपात मोठी घंटा टांगलीय. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथून आलेल्या घंटांपैकी ही एक. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. अडीचशेहून जास्त वर्षं ही बाई शंकराच्या शेजारी मुलाला कडेवर घेऊन आहे आणि गावातल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलेलं नाही.

घाटाच्या वरच्या पायरीवर एक आजोबा बसले होते. पांढरी टोपी, हातात काठी, शेजारी शेळी. मामांनी तंबाखूच्या निमित्ताने ओळख काढली आणि पाच मिनिटांत दोघं शाळासोबती असल्यासारखे बोलायला लागले. आजोबांनी बऱ्याच सिनेमांत गर्दीत काम केलेलं.

"कुठकुठल्या?"

"नावं काय लक्षात राहतात? पण मी बिहारी झालोय, यूपीवाला झालोय, मद्राशी झालोय. डोक्याला गमछा बांधला की बिहार, कपाळाला भस्म लावलं की मद्रास. एकदा तर सकाळी मारणाऱ्यांत होतो आणि जेवण झाल्यावर मार खाणाऱ्यांत." थोडं थांबून म्हणाले, "मराठी माणूस तेवढा कधी झालो न्हाई. तसला सिनेमाच आला न्हाई."

"आणि जेवण कसलं द्यायचे?"

"ते मात्र सगळ्या राज्यांत एकच. वांग्याची भाजी."

मामांनी विचारलं, पडद्यावर स्वतःला पाहिलं का? आजोबा म्हणाले, एकदा नातवाने मोबाइलवर दाखवलं, धावणाऱ्या माणसांत होते. "मी न्हाई ओळखलं. शेळी ओळखली." कारण त्या दिवशीही शेळी बरोबरच होती. म्हणजे आत्ता बसलेली नव्हे, तिची आई किंवा आजी असावी. पण आजोबांनी तो तपशील उडवून लावला आणि शेळीच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "आमच्या घरात दोन पिढ्या आर्टिस्ट."

शनिवार : पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर

सकाळी पसरणी घाट चढायला लागलो. घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव, १९२३ मध्ये त्यांचा जन्म इथला. मामांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून गावाच्या दिशेने हात जोडले आणि मोठ्या आवाजात एक शाहिरी ललकारी दिली. मागून येणाऱ्या लाल एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवून तिला साथ दिली. मामींनी पदर डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत ओढून घेतला.

पाचगणीच्या टेबललँडवर पोचलो की पहिलं वाक्य ऐकू येतं ते, "आशिया खंडातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार." घोडेवाला सांगतो, कणीसवाला सांगतो, पार्किंगवालाही सांगतो. पहिल्या क्रमांकाचं कुठलं, हे मामांनी तिघांना विचारलं. तिघांनी तीन वेगळ्या देशांची नावं सांगितली. चौथ्याने सांगितलं, "ते साहेब, आता बंद आहे."

मामींना घोड्यावर बसायचं होतं. वयाच्या साठीत पहिल्यांदा. घोड्याचं नाव बुलेट. बुलेट चार पावलं चालला आणि एका खडकाजवळ थांबला. मान वळवली, उजवा पाय जरासा पुढे टाकला आणि स्थिर झाला. हाकलला तरी हलेना. घोडेवाला म्हणाला, "ताई, फोटो काढा, मग जाईल." मी फोटो काढला. बुलेट निघाला. पुढे पन्नास पावलांवर, जिथून खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं, तिथे पुन्हा थांबला, पुन्हा मान वळवली. पूर्ण फेरीत त्याने आपल्या सगळ्या जागा घेतल्या आणि एकाही जागी क्लिक झाल्याशिवाय पाऊल उचललं नाही. फोटो पाहिले तर प्रत्येकात घोडा कॅमेऱ्याकडे बघतोय आणि मामी डोळे मिटून रामरक्षा म्हणतायत.

पाचगणी ते महाबळेश्वर वीसेक किलोमीटर. पण पाऊस इतक्यात बदलतो की दोन्ही गावं एकाच डोंगरावर आहेत यावर विश्वास बसत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडून आलेले ढग घाटमाथ्यावर चढताना तिथेच रिकामे होतात, पाचगणीच्या वाट्याला साधारण तिसरा हिस्सा येतो आणि वाईला त्याहूनही कमी. आम्ही पाचगणी सोडली तेव्हा ऊन होतं. वेण्णा तलावाशी पोचलो तेव्हा तलाव नव्हता. म्हणजे होता, पण धुक्यात. होडीवाले पाण्याच्या दिशेने हात करून "बोटिंग, बोटिंग" ओरडत होते आणि लोक बिचारे विश्वास ठेवून धुक्यात उतरत होते.

आता मुख्य गोष्ट, आर्थर सीट. इथे यायचंच म्हणून मामींनी हट्ट धरलेला. वाटेवर एक गाइड मिळाला, तिशीतला, प्लास्टिकचा रेनकोट घातलेला. दोनशे रुपयांत सगळं दाखवतो म्हणाला. कठड्यापाशी नेऊन उभं केलं. समोर पांढरं. खाली पांढरं. कठड्याचा पुढचा गजही जेमतेम दिसत होता. गाइडने घसा साफ केला, काठी उचलली आणि सुरुवात केली, "हे बघा, समोर सावित्रीचं खोरं. हजारो फूट खोल. त्या तिकडे लांब रायगड. इकडे उजवीकडे तोरणा. खाली ती पांढरी रेघ दिसतीय ना, ती सावित्री नदी."

मामी भक्तिभावाने मान हलवत होत्या. मामांनी बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "अहो, आत्ता समोर नक्की काय दिसतंय?"

"आत्ता धुकं, साहेब."

"आणि हे धुकं कुठलं?"

"हे आपलं इथलंच. ओरिजिनल."

मला वाटलं मामा आता पैसे मागणार परत. पण त्यांनी गाइडच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं, आता डाव्या बाजूचं धुकं दाखव." त्यानंतरचा अर्धा तास त्या दोघांनी धमाल केली. गाइड काठीने दाखवायचा आणि मामा वाहवा करायचे, "काय हिरवाई आहे!" शेजारी उभं असलेलं एक नवपरिणीत जोडपं गोंधळून आमच्या दिशेने सरकलं. त्यातल्या मुलीने नवऱ्याला हळूच विचारलं, "तुम्हाला दिसतंय का?" तो म्हणाला, "थोडं थोडं." नवीन लग्न असल्यावर माणूस काय काय बघतो.

तिथेच निसर्गाने स्वतःची एक गंमत दाखवली. सरळ तुटलेल्या कड्यावर वारा आपटतो आणि त्याला दुसरी वाट नसल्यामुळे वर उसळतो. त्यामुळे हलकी वस्तू खाली पडायच्या ऐवजी वर येते. लोक बाटल्यांची झाकणं टाकून हा खेळ करतात आणि दरीत कचरा करतात, ते करू नका, वाळकं पान पुरतं. आम्हाला पानाचीही गरज पडली नाही. मामींच्या हातातून पार्किंगची पावती सुटली, कठड्यापलीकडे गेली, दिसेनाशी झाली आणि दोन सेकंदांनी धुक्यातून वर येऊन मामांच्या चष्म्यावर चिकटली. मामा ती काढून नीट घडी करत म्हणाले, "पावती परत आली. पैसे येतात का बघू." आणि खरंच थोडा वेळ वाट पाहत उभे राहिले.

(सप्टेंबरात जात असाल तर पॉइंट बघायला सकाळी लवकर निघा किंवा दुपारी चारनंतर थांबा, मध्येच कधीतरी पडदा वर जातो. आमच्यासाठी गेला नाही. छत्री आणू नका, तिथला वारा ती उलटी करून परत देतो. रेनकोट आणि कोरड्या मोज्यांचा जास्तीचा जोड घ्या.)

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी वीज गेली. मालकाने मेणबत्त्या आणि गरम मक्याची भजी पाठवली. अंधार, भजी आणि बाहेर कौलांवर पाऊस, इतकं जमून आल्यावर मामांच्या आठवणी बाहेर न येतील तर नवल. मामा खटाव तालुक्यातले. लहानपणी वर्षभराचा सिनेमा म्हणजे पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा आणि तिथला तंबू.

"तंबूच्या मधोमध पडदा," मामा सांगू लागले. "पुरुष एका बाजूला आणि बायका-पोरं पलीकडे. मशीन आमच्या बाजूला. दादा कोंडक्यांचा सिनेमा. रीळ तुटलं की लोक शिट्ट्या मारायचे, रीळ जोडलं की पुन्हा शिट्ट्या. धूळ इतकी, की पडद्यावर पाऊस पडतोय का आपल्या डोळ्यांत काही गेलंय ते कळायचं नाही."

"बायकांच्या बाजूला सगळं उलटं दिसायचं," मामी एकदम म्हणाल्या. त्यांचं माहेरही त्याच भागातलं. "पाट्या उलट्या. आम्ही आरसा घेऊन जायचो, नावं वाचायला."

"आरसा?"

"हो. माझ्या आत्याच्या फणीकरंड्याच्या पेटीतला. अर्धी पाटी वाचून होईपर्यंत नावं संपायची. पण कोणाला फरक पडत नव्हता. फक्त एक झालं. मला दहावीपर्यंत वाटायचं की सगळे हिरो डावखुरे असतात."

मामा भजं तोंडाशी नेता नेता थांबले. मामा डावखुरे आहेत.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काय! हे बघायला आले, पोहे डाव्या हाताने खायला लागले. माझ्या आईचं तोंड पडलं. माझी काकू पदरातून हसायला लागली. आणि मी आतून सांगून टाकलं, माझी पसंती आहे."

मामांना हे आजवर माहीत नव्हतं. चाळीसेक वर्षं संसार करून त्यांना त्या रात्री, मेणबत्तीच्या उजेडात, मक्याची भजी खाताना कळलं की त्यांचं लग्न पडद्याच्या चुकीच्या बाजूला बसल्यामुळे झालं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग मी काय डावा-उजवा करायचं सोडून पगार, नोकरी सांगत बसलो होतो तुझ्या वडलांना!"

रविवार : क्षेत्र महाबळेश्वर, मेढा, सातारा

सकाळी क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात, सगळ्यांचं पाणी एकत्र गोमुखातून पडतं. पाणी इतकं गार की तोंडावर मारलं की झोपच काय, रागही उतरतो. गर्दी होती, रांग होती, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एवढंच, की रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी पाच बाटल्या आणल्या होत्या, पाच नद्यांसाठी पाच. गुरुजींनी समजावलं की पाणी एकच आहे. ते म्हणाले, "असू दे, लेबलं मी लावतो."

महाबळेश्वरहून मेढामार्गे सातारा. घाट हिरवा गच्च होता, रस्त्यावर जागोजागी छोटे धबधबे, प्रत्येक धबधब्याखाली एक तरी कुटुंब ओल्या कपड्यांत चिप्स खात होतं. मामी पुढच्या सीटवर आल्या होत्या, त्यामुळे मागे बसलेल्या मामांच्या पायांना ब्रेकची विश्रांती मिळाली. साताऱ्याला रात्रीचा मुक्काम मुद्दाम ठेवला होता, कारण कास सोमवारी करायचं होतं. शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटात गाड्यांची जी रांग लागते ती पाहिली तर फुलांची हौस फिटते. हंगामात दिवसाला किती जणांना सोडायचं याची मर्यादा असते, तेव्हा ऑनलाइन नोंदणी आधी करून ठेवा आणि शक्यतो आठवड्यातला मधला वार निवडा.

सोमवार : कास

साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर. पठार साधारण बाराशे मीटर उंचीवर, २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटाचा भाग. पोचलो तेव्हा पाऊस थांबलेला, ऊन कोवळं आणि पुढे गुलाबी, पिवळे, जांभळे पट्टे. गुलाबी तेरड्याचे, पिवळे सोनकीचे. मामी म्हणाल्या, "कुणी पेरलं हे?" कुणी नाही. जांभ्या खडकावर जेमतेम इंच-दोन इंच माती असते, तेवढ्यात हे सगळं उगवतं आणि पावसाबरोबर आवरतं.

आमच्याबरोबर आसपासच्याच गावातली एक मुलगी मार्गदर्शक म्हणून आली. वीस-बावीस वर्षांची, गळ्यात शिट्टी आणि खिशात भिंग. तिची शिट्टी सारखी वाजत होती, कारण दर दोन मिनिटांनी कुणीतरी दोरी ओलांडून, फुलांमध्ये हात पसरून, मान मागे टाकून उभं राहत होतं. एका मध्यमवयीन गृहस्थांना तिने तिसऱ्यांदा हाकललं तेव्हा ते म्हणाले, "अहो, एकच फोटो. हिरो असाच उभा असतो." ती म्हणाली, "हिरोचं शूटिंग झालं की काका, त्याला आम्ही पण हाकलतो."

मग तिने आम्हाला गुडघ्यावर बसवलं आणि भिंग मामींच्या हातात दिलं. इवलीशी जांभळी-निळी फुलं, ओल्या जागी गर्दीने उभी. "ही सीतेची आसवं."

मामींनी लगेच हात जोडले.

"थांबा, मुळाशी बघा. पाण्यात बारीक फुगे दिसतील. हे फुगे म्हणजे पिशव्या आहेत, त्यांना झाकण असतं. एखादा सूक्ष्म किडा झाकणाच्या केसाला लागला की झाकण उघडतं आणि पाण्यासकट किडा आत. एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात. मग ती त्याला पचवते."

"सीता?" मामी हबकल्या.

"सीतेची आसवं. इथल्या मातीत नायट्रोजन कमी, मग तो किड्यांकडून घ्यायचा." पुढे तिने दवबिंदू नावाचं किडे खाणारं रोपटं दाखवलं. लालसर केसांच्या टोकांवर थेंब चमकत होते, बघताक्षणी प्रेमात पडावं असं. ते दव नव्हतं, चिकट डिंकासारखा रस होता, आणि त्यात एक माशी अडकून शेवटचे पाय हलवत होती. कंदीलपुष्पाबद्दलही तिने सांगितलं. त्याची फुलं माशीला आत घेतात, आतले केस खाली वळलेले असल्यामुळे तिला बाहेर पडता येत नाही, परागकण तिच्या अंगाला लागले आणि केस सुकले की मगच सुटका. "म्हणजे एक रात्र लॉकअपमध्ये आणि सकाळी जामीन," मामा म्हणाले. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, कशासाठी ते माहीत नाही.

मामी मात्र सीतेच्या आसवांपाशीच अडकल्या होत्या. "नाव ठेवणाऱ्याने भिंग घेतलं नसणार," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने स्वतःशीच, "की घेतलं होतं?"

मला सगळ्यात आवडलं ते कवल्याचं फूल. लहानसं, पिवळंधमक, त्यावर दोन ठिपके, वरची पाकळी कानासारखी उभी. मुलं त्याला मिकी माउस म्हणतात आणि एकदा ते नाव ऐकल्यावर त्यात दुसरं काही दिसतच नाही. पठारभर हजारो मिकी माउस वाऱ्यावर मान हलवत होते. शेजारी टूथब्रश आमरी, एकाच बाजूला दाटीने पांढरी फुलं, हुबेहूब दात घासायचा ब्रश. एक लहान मुलगा वडलांना विचारत होता की ब्रश आहे तर पेस्ट कुठाय. वडील गंभीरपणे म्हणाले, "पेस्ट पुढच्या महिन्यात येते."

परतताना मुलीने कारवीची झुडपं दाखवली. नुसती पानं होती. "ही सात वर्षांतून एकदा फुलते. सगळी एकदम."

मामा थबकले. "अगदी आमच्या अण्णांसारखी. तेही सात वर्षांतून एकदाच हसतात, पण हसले की वाडा दणाणतो." अण्णा म्हणजे मामांचे थोरले भाऊ. ते बरोबर आले नव्हते, कारण फुलं घरीही आहेत असं त्यांचं म्हणणं.

(कासला जाताना पाणी घेऊन जा, पठारावर काही मिळत नाही आणि मिळू नयेच. टोपी आणि रेनकोट दोन्ही लागतात, कधीकधी एकाच वेळी. जमिनीकडे बघत चाला, निम्मी मजा बोटभर उंचीवर आहे. मार्गदर्शक नक्की घ्या, नाहीतर नुसते रंग पाहून परत याल. हंगाम साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, पण कुठल्या आठवड्यात कुठला रंग, हे पाऊस ठरवतो.)

दुपारी साताऱ्यात परत आलो. कंदी पेढे घेतल्याशिवाय मामी गाडीत बसणार नव्हत्या. दुकानदाराने नमुना म्हणून हातावर एकेक पेढा ठेवला. खमंग भाजलेला, वरून किंचित खरखरीत. मामांनी दुसऱ्या हातावर दुसरा नमुना मागितला, "हा उजव्या हाताला कसा लागतो बघतो." दुकानदाराने दिला.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. मामांनी स्पीकरवर टाकला. काय काय पाहिलंत, असं विचारल्यावर मामांनी उत्साहाने सांगितलं, मेरीची घंटा, फोटो काढल्याशिवाय न हलणारा घोडा, किडे खाणारी सीतेची आसवं आणि आर्थर सीटचं दोनशे रुपयांचं ओरिजिनल धुकं. पलीकडे शांतता. आम्ही तिघं आणि दुकानदार, चौघंही फोनकडे बघत होतो.

"पेढे किती घेतलेत?" अण्णांनी विचारलं.

"अर्धा किलो."

"एक घ्या," म्हणाले, आणि फोन ठेवला.